चांदसैली घाटातला 'परका' उजेड

रात्रीचे साडेनऊ. पावसाळ्याचे दिवस. तुम्ही तळोद्याहून बाइकवर धडगावकडे निघालाय आणि चांदसैली घाट सुरू झालाय. मागे बसलेला दोस्त इतका वेळ बडबडत होता, तो आता गप्प आहे. धुकं उतरलंय, रस्त्यावर कुठे दगड येऊन पडलाय ते जवळ गेल्यावरच कळतं. तेवढ्यात वळणावरून एक पिकअप समोर येते. निळसर पांढरा, झगझगीत उजेड थेट डोळ्यांत. तुम्ही डिपर मारता. तोही मारतो. पण त्याच्या डिपरने काही म्हणजे काही फरक पडत नाही. दोन-तीन सेकंद नुसतं पांढरं दिसतं आणि मग नुसतं काळं.

ताशी ४० चा वेग धरला तर तीन सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे जाते. घाटात ३३ मीटर म्हणजे एक अख्खं वळण. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

त्या पिकअपवाल्याला लगेच शिव्या घालू नका. त्याचीही बाजू आहे. कंपनीने दिलेल्या पिवळट हॅलोजनने त्याला घाटात काही दिसत नव्हतं. रात्री-अपरात्री पेशंट खाली आणायचा असतो, भाजीपाला पहाटेच्या आत बाजारात पोचवायचा असतो. कुणीतरी सांगितलं, एचआयडी टाक, दिवसासारखं दिसतं. त्याने टाकलं. तोरणमाळच्या सातपायरी घाटात जीप नेणारे, देवगोईच्या घाटातून मोलगीला जाणारे, वीकेंडला कच्च्या वाटांवर फोर बाय फोर घालणारे, सगळ्यांच्या गप्पांत हा विषय असतोच. किट केवढ्याला, कुठलं टिकतं, कोण चांगलं बसवून देतो, हे सगळं आपल्याला पाठ. पण त्या इवल्याशा काचेच्या बल्बमध्ये भरलंय काय आणि ते शोधलं कुणी, हे विचारा. शांतता!

भरलाय झेनॉन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ परका, पाहुणा. आणि तो शोधला विल्यम रॅम्से नावाच्या एका स्कॉटिश माणसाने, मॉरिस ट्रॅव्हर्स या आपल्या तरुण सहकाऱ्याबरोबर. तारीख १२ जुलै १८९८. आपला नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणजे झेनॉन आपल्या जिल्ह्यापेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी मोठा. योगायोगच, पण लक्षात ठेवायला बरा.

रॅम्सेचा जन्म २ ऑक्टोबर १८५२ चा, ग्लासगोचा. वडील सिव्हिल इंजिनिअर, काका नावाजलेले भूगर्भशास्त्रज्ञ. घरात शिक्षण होतं, पण पोरगा काही लहानपणापासून प्रयोगशाळेत रमलेला वगैरे नव्हता. झालं असं की, फुटबॉल खेळताना त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडून करायचं काय? तर त्याने रसायनशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक हातात घेतलं. ज्ञानाची तहान म्हणून? छे! फटाके कसे बनवायचे ते शोधायला. फटाक्यांच्या नादात केमिस्ट्री लागली ती कायमची. चौदाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात गेला, विशीच्या आसपास जर्मनीतल्या ट्युबिंगेनहून डॉक्टरेट घेऊन परतला.

एक गोष्ट मात्र त्याने फार मन लावून शिकली, काच फुंकण्याची. हवी तशी नळी, हवा तसा फुगा स्वतः भट्टीच्या ज्योतीवर बनवायचा. तेव्हा ते कारागिराचं काम समजलं जायचं. पुढे आयुष्यभर याच हाताने त्याला तारलं. जे वायू त्याला पकडायचे होते ते थेंबभर, बुडबुडाभर मिळायचे आणि त्यांना कोंडून ठेवणारी भांडी कुठल्याच दुकानात मिळत नव्हती.

१८८० मध्ये तो ब्रिस्टलच्या कॉलेजात प्राध्यापक झाला, वर्षभरात तिथलाच प्राचार्य, आणि १८८७ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये रसायनशास्त्राचा प्रोफेसर. आता प्रोफेसर झाले म्हणून इथून पुढे आपण अहो-जाहो करू या.

खरी गोष्ट सुरू होते १८९४ मध्ये. लॉर्ड रॅले नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ वायूंची वजनं करत बसले होते. कंटाळवाणं काम. त्यांना दिसलं की हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकून उरलेला नायट्रोजन मोजला तर लिटरला १.२५७ ग्रॅम भरतो, आणि अमोनियासारख्या संयुगातून काढलेला नायट्रोजन मोजला तर १.२५०५ ग्रॅम. फरक किती? लिटरमागे जेमतेम सात मिलिग्रॅम. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तुम्ही-आम्ही काय केलं असतं ते सांगायला नको. रीडिंग जुळवून टाकलं असतं आणि सरांची सही घेऊन मोकळे झालो असतो! रॅले तसं करेनात. त्यांनी पुन्हापुन्हा मोजलं, फरक तसाच. मग त्यांनी जाहीरपणे इतरांना विचारलं की बाबांनो, हे काय असेल?

रॅम्सेंनी ते मनावर घेतलं. तापवलेलं मॅग्नेशियम नायट्रोजन गिळतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी हवेतला नायट्रोजन लालबुंद मॅग्नेशियमवरून नेला. पुन्हा नेला. पुन्हा. दिवसेंदिवस तेच. वायू कमी कमी होत गेला, पण एका जागी येऊन थांबला. थोडासा उरलेला वायू काही केल्या मॅग्नेशियम गिळेना. त्याचा वर्णपट पाहिला तर त्यात अशा लाल-हिरव्या रेषा, ज्या कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याच्या नव्हत्या. कशाशीच संयोग न करणारा वायू. त्याला नाव दिलं आरगॉन, म्हणजे आळशी. आपण श्वास घेतो त्या हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे, आणि माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

लोकांनी लगेच मान्य केलं असं समजू नका. आवर्तसारणी मांडणारे मेंडेलिव्ह यांनाच ते पटेना. त्यांच्या तक्त्यात या वायूला बसायला जागाच नव्हती. हा नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू असणार, असं त्यांचं म्हणणं. आज बारावीच्या पुस्तकात उजव्या टोकाला जो गण १८ दिसतो, तो तेव्हा नव्हताच. तो अख्खा रकाना पुढच्या चार वर्षांत रॅम्सेंनी भरायला घेतला.

१८९५ च्या मार्चमध्ये ते आरगॉन शोधायला एका युरेनियमच्या खनिजाकडे वळले. खनिज आम्लात उकळलं, वायू निघाला, वर्णपट पाहिला तर एक पिवळी रेषा. सोडियमची असेल असं आधी वाटलं, पण ती सोडियमच्या जागेवर बसेना. ती रेषा पृथ्वीवर कुणी पाहिली नव्हती, सूर्यात मात्र पाहिली होती. आणि त्या गोष्टीचा एक धागा आपल्या देशातला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रान्सचे जान्सेन ते बघायला आंध्रातल्या गुंटूरला येऊन बसले होते. त्या वर्षीच्या निरीक्षणांतून सूर्यात एक अनोळखी पिवळी रेषा असल्याचं पुढे आलं आणि तिच्या मालकाला हेलियम नाव पडलं. सत्तावीस वर्षांनी रॅम्सेंना तो हेलियम एका दगडात सापडला.

मग १८९८. हे वर्ष म्हणजे नुसती धमाल. हवा थंड करून द्रवरूप करायचं यंत्र नुकतंच आलं होतं. रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी युक्ती केली ती आपल्या गावठी भट्टीवाल्यालाही कळेल अशी. द्रवरूप हवा हळूहळू उकळू द्यायची. जे आधी उडतं ते वेगळं धरायचं, जे मागे राहतं ते वेगळं. मेच्या शेवटी तळाला उरलेल्यात सापडला क्रिप्टॉन. जूनमध्ये आधी उडणाऱ्या भागात एक वायू मिळाला, नळीत वीज सोडली तर लालभडक झगमगाट. रॅम्सेंच्या तेरा वर्षांच्या मुलाने लॅटिनमधला नवा हा अर्थ असलेला शब्द सुचवला. बाबांनी तोच अर्थ ग्रीकमध्ये केला आणि वायूचं नाव ठेवलं निऑन. बारवरच्या लाल पाट्या त्याच.

आणि जुलैत, क्रिप्टॉन पुन्हापुन्हा शुद्ध करताना, पंपात शेवटी एक बुडबुडा उरला. फेकून दिला असता तरी कुणी विचारलं नसतं. त्यांनी तो नळीत घेतला, वीज सोडली. निळा उजेड. तो झेनॉन. हवेत तो इतका कमी आहे की एक लिटर झेनॉन हवा असेल तर साधारण एक कोटी पंधरा लाख लिटर हवा गाळावी लागते. परका हे नाव उगीच नाही.

या सगळ्यात आपल्याकडचा माणूस येतो तो इथे. नवसारीत जन्मलेले, मुंबईत उद्योग उभे केलेले जमशेटजी टाटा. नवसारी म्हणजे नवापूरची हद्द ओलांडली की पुढचा मुलूख, लांब नाही. टाटांना भारतात विज्ञानाचं मोठं विद्यापीठ काढायचं होतं. त्यासाठी त्यांनी स्वतःची तीस लाखांची मालमत्ता देऊ केली होती. पण लॉर्ड कर्झनचं सरकार शंका काढत होतं. एवढं शिकून पोरं करणार काय, नोकऱ्या कुठे आहेत, वगैरे. (हा प्रश्न तुम्हालाही घरी ऐकायला मिळत असेल.) मग सल्ला द्यायला कुणाला बोलवायचं? रॅम्सेंना.

१९००-०१ च्या हिवाळ्यात रॅम्से भारतात आले आणि बरेच आठवडे देशभर हिंडले. कॉलेजं बघितली, कारखाने बघितले, आणि शिफारस केली बंगळूरची. तिथली हवा बरी होती आणि म्हैसूर संस्थान जमीन द्यायला तयार होतं. सरकारने त्यावर आणखी एक समिती बसवली, फाइल फिरत राहिली. १९०४ मध्ये टाटा गेले. संस्था उभी राहिली १९०९ मध्ये, ती आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. आणि तिचे पहिले संचालक कोण? मॉरिस ट्रॅव्हर्स. तेच, त्या निळ्या बुडबुड्यावाले! म्हणजे झेनॉन शोधणाऱ्या दोघांपैकी एकाने आपल्या या संस्थेची जागा सुचवली आणि दुसऱ्याने ती उभी केली. विज्ञान शाखेच्या किती पोरांना हे माहीत असेल? मला तरी बी.एस्सी. संपेपर्यंत नव्हतं.

१९०४ मध्ये रॅम्सेंना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं रॅलेंना. त्या सात मिलिग्रॅमवर दोन नोबेल! त्याआधी १९०३ मध्ये त्यांनी सॉडी यांच्यासोबत रेडियमपासून हेलियम तयार होतो हे दाखवलं, तेही मोठंच काम.

इथे थांबलो तर ते देवमाणूस वाटतील. तसं नव्हतं. नोबेलनंतर त्यांचे दोन-तीन अंदाज सपशेल चुकले. समुद्राच्या पाण्यातून सोनं काढायच्या एका धंदेवाईक योजनेला त्यांनी आपलं नाव दिलं. सोनं काही निघालं नाही. १९०७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की रेडियमच्या वायूने तांब्याचं लिथियम होतं. मादाम क्युरींनी प्लॅटिनमची भांडी वापरून तोच प्रयोग केला, तेव्हा लिथियम दिसलाच नाही. तो बहुधा काचेतून आलेला होता. गंमत बघा, ज्या काचेने त्यांना एवढं दिलं तिनेच दगा दिला. मला वाटतं, रॅलेंचा आकडा तपासायला त्यांनी जी चिकाटी दाखवली तेवढी स्वतःच्या आकड्याबाबत दाखवली नाही. पहिलं महायुद्ध पेटल्यावर, जिथे स्वतः शिकले त्या जर्मनीबद्दलही ते फार कडवट झाले. १९१६ च्या २३ जुलैला, नाकाच्या कॅन्सरने ते गेले. वय ६३.

त्यांच्या हयातीत या वायूंचा उपयोग काय, असं विचारलं असतं तर उत्तर अवघड होतं. आळशी वायू, कशाशी संयोग नाही. पण तोच आळस बल्बवाल्यांना हवा होता. १९१३ च्या सुमारास दिव्यांत वायू भरायला सुरुवात झाली, कारण पोकळीत तापलेली टंगस्टनची तार झिजून काचेवर काजळी धरायची. आरगॉन भरला की तार जास्त टिकते. तुमच्या गाडीतला हॅलोजन बल्ब हा त्याचाच नातू. आत तार, थोडं आयोडीन किंवा ब्रोमीन, जे उडालेला टंगस्टन परत तारेवर आणून बसवतं, आणि बाकी भरलेला असतो रॅम्सेंचा आरगॉन किंवा क्रिप्टॉन. थोडक्यात, हॅलोजन काढून एचआयडी टाकणारा माणूस रॅम्सेंच्या एका वायूवरून दुसऱ्यावर जातो, इतकंच.

एचआयडीत तारच नाही. क्वार्ट्झच्या छोट्या गोळीत दोन टंगस्टनची टोकं, मधे चारेक मिलिमीटरची फट. आत दाबून भरलेला झेनॉन आणि काही धातूंचे क्षार. बॅलास्ट नावाचा डबा क्षणभर वीस हजारांहून जास्त व्होल्ट देतो, फटीत ठिणगी पडते. झेनॉन लगेच उजळतो, मग उष्णतेने क्षारांची वाफ होते आणि काही सेकंदांत पूर्ण उजेड येतो. गाडीवर हा दिवा पहिल्यांदा आला १९९१ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजवर. ५५ वॉटचा हॅलोजन डिपरवर साधारण १००० ल्युमेन देतो. ३५ वॉटचा एचआयडी ३२०० च्या आसपास. वीज कमी, उजेड तिप्पट. आता एलईडीने त्यालाही मागे टाकलंय, पण आपल्याकडच्या घाटांत किट अजून भरपूर दिसतात.

मग चांदसैलीत आपले डोळे का गेले? दोष झेनॉनचा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एच४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. ती नको तो उजेड अडवते, म्हणून डिपर मारला की फोकस खाली जातो. मागचा आरसाही त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला. तार मिलिमीटरभर हलली तरी फोकस बिघडतो. त्याच खोबणीत ठिणगीचा दिवा कोंबला की उजेडाची जागा बदलते, आकार बदलतो आणि तो वर, समोरच्याच्या डोळ्यांत फेकला जातो. ड्रायव्हरला मात्र बोनेटपुढचा रस्ता पांढराफटक दिसतो, म्हणून त्याला वाटतं भारी काम झालं. लांबचं कमीच दिसतं. युरोपात या दिव्यांना आपोआप खाली-वर होणारी यंत्रणा आणि काच धुणारी फवारणी नियमाने लागते, ती उगीच नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, तो भाग वेगळाच. धुक्यासाठी म्हणून ८००० केल्विनचा निळा बल्ब घेणारे तर पैसे देऊन आंधळे होतात. धुक्यातून परतून येणारा निळा उजेड डोळ्यांना जास्त त्रास देतो. कंपनीच्या एचआयडीचा रंग ४३०० च्या आसपास असतो, तो पांढराच, निळा नाही.

आणि आता ती सात मिलिग्रॅमची गोष्ट पुन्हा आठवा. जुन्या जीपचा हॅलोजन मिणमिणता असतो त्याचं कारण बऱ्याचदा बल्ब नसतोच. बारीक, गंजलेली वायर आणि जळके स्विच मधे व्होल्टेज खातात. तारेच्या बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ ३० टक्के पडतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा, मग बल्बच्या खोबणीत मोजा. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२ च्या खाली दिसलं तर किटचे पैसे खिशात ठेवा. जाड वायर आणि दोन रिले टाकून घ्या, काच पुसा, फोकस लावा. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, हेडलाइटच्या मध्याएवढ्या उंचीवर खडूने रेघ मारा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या १०-१५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. पिकअप असेल तर माल भरून बघा, मागून दबली की नाक वर येतं. आणि खरंच जंगलात, नदीपात्रात गाडी घालायची असेल तर जादाचे दिवे वेगळे लावा, वेगळ्या स्विचवर, आणि डांबरीवर आलात की त्यांना झाकण घाला.

मल्टिमीटर विकत घ्यायची गरज नाही. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये पडलेला असतो. सरांना नीट विचारलं तर देतात. पण जीप तेवढी लॅबच्या दारात आणावी लागेल.